उजवा कौल

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
६ जानेवारी

शांती,

वर काय लिहावं यातच माझा चहा गार झाला. थोरल्या जावेने धाकटीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण तीन वर्षं तोंड न दाखवलेल्या बाईचा आशीर्वाद घेऊन तू काय करणार? म्हणून नुसतं नाव लिहिलं.

फोन तू उचलत नाहीस. प्रांजल उचलते आणि म्हणते, "काकी, आई झोपली आहे." सकाळी केला तरी झोपली आहे, दिवेलागणीला केला तरी झोपली आहे. रत्नागिरीची हवा इतकी झोपाळू असेल असं वाटलं नव्हतं. लेकीकडे जाऊन तू एवढी सुखात लोळतेस तर चांगलंच आहे. पण मी तुला ओळखते. तू पहाटे पाचला उठून लेकीचीसुद्धा भांडी घासत असशील.

इकडे सगळं ठीक. आर्यनची न्हावा शेव्याची नोकरी चालू आहे, कंटेनरच्या कागदांतून त्याचं डोकं वर निघत नाही. सून अंकिता गुणाची आहे, फक्त बोंबील साफ करताना नाक धरते. कोळ्याच्या घरात पडली बिचारी, सवय होईल. विमानं सुरू झाली. गच्चीत उभं राहिलं की उलव्याच्या अंगाला, आपल्या गावाच्या बाजूला उतरताना दिसतात. तुझे भाऊजी सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. आता वर बघतसुद्धा नाहीत.

आता खरं लिहिते. मला समन्स आलंय. आपल्या गावच्या पाच पंचांनी तुला वाळीत टाकलं म्हणून तू पनवेल कोर्टात केस केलीस, त्यात सरकारतर्फे साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. आरोपींत पहिलं नाव यांचं. नवरा आरोपी आणि बायको त्याच्याविरुद्ध साक्षीला, असा आमचा म्हातारपणीचा संसार. बेलीफ आला तेव्हा दार यांनीच उघडलं. मला हाक मारली, "रंभे, तुझा कागद आयलाय." आणि पेपर वाचत बसले. पेपर उलटा आहे का ते मी मुद्दाम बघितलं. सरळ होता.

यांच्या वकिलाने मला बजावलंय की फिर्यादीला काही लिहायचं नाही. तेव्हा केसबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. एवढंच विचारते, तुझा गुडघा कसा आहे?

रंभा


१९ जानेवारी

शांती,

केसबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, ते मोडते. वकिलाला फी हे देतात, मी नाही.

त्या दिवशी देवळात काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसणार. तुला गोदूबरोबर बाहेर पायरीवर बसवलं होतं. ज्याचं नाव घ्यायचं त्याने आत यायचं नाही, अशी आपली पद्धत. मी आत होते, पाकळ्या भिजवून ताटात ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

देवीची नथ गेली तेव्हा देवळाची किल्ली तिघांकडे असायची. गणू गुरव, आणि झाडलोटीची पाळी असलेल्या तुम्ही दोघी, तू आणि गोदू. खरं म्हणजे पोलिसात जायला हवं होतं. पण वस्तू देवीची, तेव्हा न्यायही तिनेच करावा असं पंचांचं ठरलं. गणूचंही नाव होतं, पण पाकळ्या लावायचा मान गुरवाचाच, म्हणून तो आत राहिला आणि त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आता पहिलं नाव कोणाचं घ्यायचं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा हे पुढे झाले आणि म्हणाले, "पयलं आमच्या घरचं घ्या. उद्या कोणी बोलाया नको का दिनानाथने आपली माणसं पाठीशी घातली."

शांती, तुझं नाव त्यांनी घेतलं ते तुझ्यावर संशय होता म्हणून नाही. डावा पडणार अशी त्यांची इतकी खात्री होती की नाव उच्चारताना ते थोडे हसत होते. उजवी पाकळी पडली. ते हसू तोंडावर तसंच राहिलं, आवरायचं त्यांना सुचलं नाही.

पुढची दोन नावं मग घेतलीच नाहीत. देवीने सांगितलं ना, आता कशाला? तुझ्याशी जो बोलेल त्याला दंड, तुला नळावर पाणी नाही, होडीवरच्या मासळीत वाटा नाही, हे सगळं यांच्याच तोंडून वदवून घेतलं. घरचा माणूस बोलला की बाकीच्यांचे हात स्वच्छ राहतात. आणि मीही त्या दिवसापासून तुझ्या दारावरून खाली मान घालून जात राहिले. ते मला इथे लिहून संपवायचं नाही, तू समोर आलीस की तुझ्या शिव्या खाऊन संपवीन.

परवा गावात गेले होते. गोदूकडे बसले. ती खुशीत सांगत होती, "रंभावयनी, आई आता लय दयाळू झालीय. कोणाला नाय बोलतच नाय." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणे, ग्रामपंचायतीच्या वेळी दोन्ही पार्ट्यांनी गुपचूप येऊन कौल लावला, आमी जिंकू का म्हणून. दोघांनाही उजवा. मी पोट धरून हसले. निवडून तर एकच आला. "मग दुसऱ्याचं काय?" विचारलं. गोदू म्हणाली, "त्याची भक्ती कमी पडली."

परत येताना बसमध्येही मला हसू येत होतं. मग बस उलव्याच्या सिग्नलला उभी राहिली आणि माझं हसू गेलं. गोदूला मी शेवटी विचारलं होतं, हे कधीपासून? ती म्हणाली होती, "देऊळ नवा केला, लादी बसवली, पंखा लावला, तवापासून."

पंखा. देवीच्या उजव्या अंगाच्या भिंतीवरचा, तुझं नाव घेतलं त्या दिवशीही फिरत होता. खाली पाटी आहे, चि. आर्यन दिनानाथ कोळी यांजकडून, पहिल्या पगारातून. त्या वाऱ्याने समई विझते म्हणून गणूने ती काचेच्या पेटीत ठेवली. समई विझते हे सगळ्या गावाला दिसलं. बाकी काही कोणाला दिसलं नाही.

रंभा


२ फेब्रुवारी

शांती,

प्रांजलचा फोन आला होता. म्हणाली, "काकी, आई पत्रं वाचते. फाडत नाही." एवढंच बोलून तिने ठेवला. मी त्या दिवशी सगळ्यांना शिरा केला. का केला ते कोणाला सांगितलं नाही.

आता पंख्याचं ऐक. घरचा पाटा भिंतीला टेकवून उभा केला. झेंडूच्या पाकळ्या भिजवून त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि टेबलफॅन उजवीकडे ठेवला. अंकिता आली. "आई, हे काय करताय?" मी म्हटलं, "कौल लावते. आज जेवायला काय करायचं ते विचारते." ती बेडरूममध्ये गेली आणि दार लावून माहेरी फोनवर बोलायला लागली.

उजवी पडली. परत लावली, परत उजवी. वारा ज्या बाजूने येतो तिकडची पाकळी आधी सुकते, त्यात देवीचं काय आणि पाट्याचं काय. फॅन डावीकडे ठेवला तर डावी पडायला लागली. बंद केला तेव्हा कधी ही पडली, कधी ती, एकदा दोन्ही एकदम. म्हणजे त्या दिवशी देवळात जे नाव पहिलं घेतलं असतं ते चोर ठरलं असतं. गणूचं घेतलं असतं तर गणू. यांनी स्वतःचं घेतलं असतं तर हे स्वतः.

हे आंघोळ करून आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून बघत उभे राहिले. मी पाकळ्या लावल्या, फॅनचं बटण दाबलं. त्यांनी तीनदा बघितलं. मग तिथेच फरशीवर बसले आणि म्हणाले, "आपल्या पोराचा पंखा."

मला वाटलं आता संपलं. कसलं संपतं? उठले आणि म्हणाले, "उद्या गावात जातो. पंखा बंद करून परत कौल लावू. आई काय सांगते बघू."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आणि परत उजवा पडला तर?"

ते खांद्यावरचा टॉवेल झटकायला लागले.

"तर शांती परत चोर? आणि डावा पडला तर साव? अवो, बाजारात पापलेट घेताना कल्ला उचलून बघता का गुरवाला बोलावता? मासळी पारखायला तुमाला अक्कल हाय, आणि ती लग्न होऊन आपल्या घरात आली तवापासून तिला बघताय, ती चोरी करंल का नाय ते तुमाला कळत नाय?"

ते म्हणाले, "कळतं."

"मग देवीला कशाला तरास देता?"

तसे चपला घालून खाली गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी पण बोलले नाही. अंकिता बिचारी मधल्यामध्ये मिठाची बरणी इकडून तिकडे देत राहिली.

शांती, देवीवर माझा राग नाही. मी अजून मंगळवारी दिवा लावते. माझं मत झालंय की माणसाला स्वतः ठरवायचा धीर होत नाही तेव्हा तो तिच्या अंगावर टाकून मोकळा होतो. नथ अजून सापडलेली नाही. कदाचित सापडणारही नाही. ती सापडली की तुझ्यावर विश्वास ठेवीन असं म्हणत मी बसणार नाही. तू घेतलेली नाहीस. हे मला कोणी सिद्ध करून दिलेलं नाही, मला ते माहीत आहे.

आणि साक्षीला मी उभी राहणार आहे. मी सत्तर लोकांच्या सभेत जे ऐकलं ते सांगणार. त्यांना शिक्षा होऊ शकते, तीन वर्षांपर्यंत, असं वकील म्हणाले. मला भीती वाटते. ते बी.पी.ची गोळीसुद्धा मी हातावर ठेवल्याशिवाय घेत नाहीत.

रंभा


८ फेब्रुवारी

शांती,

आज सरकारी वकीलबाईंना भेटून आले. चुणचुणीत मुलगी आहे, आपल्या प्रांजलएवढी असेल. म्हणाली, नवऱ्याने घरात बायकोला जे सांगितलं ते कोर्टात विचारता येत नाही. सभेत सगळ्यांसमोर जे झालं तेवढंच सांगायचं. कायद्याला एवढी लाज आहे हे ऐकून मला बरं वाटलं.

म्हणजे एक गोष्ट कोर्टाला कधीच कळणार नाही. ती तुला सांगते.

वाळीत असताना तुझ्या नवऱ्याचं, विठूभाऊजींचं, वर्षश्राद्ध तू एकटीने केलंस. गावातला भटजी आला नाही म्हणून पनवेलहून कोणाला तरी आणलंस. सख्खा थोरला भाऊ तीन घरं सोडून राहत होता, आणि तो आला नाही. त्या दिवशी हे सकाळपासून उपाशी होते. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. दुपारी मला म्हणाले, पान वाढ. मी वाढलं. ते घेऊन छपराच्या कौलांवर ठेवलं आणि अंगणात उभे राहून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा आला नाही. तेव्हा म्हणाले, "विठूचा कावळा शांतीकडं गेला आसंल. तिकडंच गेला पायजे." आणि मग लहान पोरासारखे रडले. मी त्यांना माझ्या लग्नानंतर तेव्हाच पहिल्यांदा रडताना बघितलं.

तू रत्नागिरीला गेल्यावर तुझ्या बंद दारासमोरून रोज जायला लागायचं. ते त्यांना झेपेना, म्हणून आम्ही इथे राहायला आलो. लोकांना सांगितलं, आर्यनला नोकरीवर जायला सोयीचं पडतं.

हे वाचून तू विरघळावंस म्हणून लिहिलेलं नाही. ते रडले, पण दुसऱ्या दिवशी तुझ्याशी बोलले का? नाही. त्यांचं रडणं तुझ्या काही उपयोगाचं नव्हतं. तरी तुला माहीत असावं एवढंच वाटलं.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध. प्रांजलला सांग आणायला.

रंभा


१३ फेब्रुवारी

शांती,

काल साक्ष झाली.

आम्ही दोघं एकाच रिक्षाने गेलो. वेगळ्या रिक्षा करून काय दाखवायचं होतं? वाटेत ते एकदा म्हणाले, "घाबरू नको." त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालेल्या बायकोला. मी म्हटलं, "तुमी गोळी घेतली का?" घेतली नव्हती.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. वकीलबाईंनी विचारलं तसं सांगत गेले. सभा कोणी बोलावली, कोण काय बोललं, दंड कोणी ठरवला. त्यांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी दोनदा "आमचे हे" म्हणून थांबले. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, त्या म्हणाल्या, पाणी प्या. प्याले आणि नाव घेतलं. आजवर त्यांचं नाव मी उखाण्यातच घेतलं होतं.

पंख्याचं सांगायला घेतलं तर मॅजिस्ट्रेटबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "नथ कोणी घेतली हा या केसमधला प्रश्न नाही. त्यांनी घेतली असती तरी कोणाला वाळीत टाकता येत नाही." शांती, मी बघतच राहिले. तीन वर्षं सगळं गाव तू चोर की साव यावर भांडतंय, मी पाटा आणि फॅन घेऊन डोकं लढवतेय, आणि कायदा म्हणतो की त्याची इथे गरजच नाही. माझा सगळा शोध वाया गेला म्हणून जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग यांचे वकील उठले. "तुमचा देवीवर विश्वास आहे?"

"हाय."

"मग कौल खरा मानता ना?"

मी म्हटलं, "पाकळी पडली ते खरं. पण वाळीत टाका असं पाकळी नाय बोलली. ते पंच बोलले. ते मी माझ्या कानांनी ऐकलं."

वकील खाली बसले. टाइप करणारा मुलगा हसायला लागला, मॅजिस्ट्रेटबाईंनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबला.

मी खाली उतरत होते, तेवढ्यात हे उभे राहिले. कोणी विचारलं नव्हतं. वकील शर्ट धरून खाली ओढत होते. ते म्हणाले, "बाई, ही बोलली ते खरं हाय. मीच बोललो तसा. मला आता केस लढायची नाय." बाकीचे चौघे त्यांच्याकडे असे बघायला लागले की जणू घरच्या माणसाने चोरी केली. मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, घाई करू नका, वकिलांशी बोला, पुढच्या तारखेला लेखी द्या.

बाहेर आलो तर चौघे न बोलता गाडीत बसून गेले. संध्याकाळी गोदूचा फोन आला, हळू आवाजात. दिनानाथच्या घरी कोणी जायचं नाय असं गावात चाललंय म्हणे. हे ऐकून ते मला म्हणाले, "एका दिवसात एवढं लागतं. तिने कसे काढले असतील?" ते त्यांना कळलं हे पुरे होतं.

पुढची तारीख ६ मार्च. वकीलबाईंनी सांगितलं की हा गुन्हा फिर्यादीची मर्जी असेल तर कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो. म्हणजे त्या दिवशी तुला विचारतील. माफ करायचं की नाही, ते तुझ्यावर आहे.

आता नीट ऐक. माझ्याकडे बघून माफ करू नकोस. मी तुझी जाऊ आहे म्हणून नको, म्हातारा माणूस आहे म्हणून नको, लोक काय म्हणतील म्हणून तर मुळीच नको. त्यांना आत जावं लागलं तर मी रडेन, आणि तुझ्याशी एक शब्दही वाकडा बोलणार नाही. तू सोडलंस तर मी त्यापायी तुझ्या पाया पडणार नाही, कारण ते माझ्यावर उपकार झाले असं तुला वाटायला नको. तुझा निकाल काहीही असो, कोर्ट सुटल्यावर तू माझ्याबरोबर घरी यायचंस. अंकिताने तुझ्यासाठी खाटेवर नवी चादर काढून ठेवली आहे. तिला मी सगळं सांगितलं. ती आता मला वेडी समजत नाही.

मी हे लिहीत असताना ते शेजारी येऊन बसलेत. कागदावर जागा उरली का विचारतायत. पेन देते.

रंभा

शांती, देवीला इचारलं, पंचांना इचारलं. तुलाच नाय इचारलं. तू भायेरच बसली होतीस, नुसती हाक मारायची होती. आता कोर्ट तुला इचारंल. तुला वाटंल तेच सांग. माझ्याकडं बघू नको.

दिनानाथ